शेवग्याचा अर्क फवारला, तरी सोयाबीन जागचं हललं नाही: चूक कुठे शोधायची

जुलै संपत आला की हा फोन येतोच. "दादा, शेवग्याचा अर्क दोन वेळा मारला. सोयाबीन होतं तसंच आहे, पिवळं. काय चुकलं?" महिन्याभराने तोच प्रश्न तुरीचा येतो आणि डिसेंबरात हरभऱ्याचा. मी लातूर जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतो. बांधावर शेवगा आहे आणि काही वर्षांपासून त्याचा अर्क कडधान्यांवर आणि सोयाबीनवर वापरतो. सुरुवातीला मीही हाच प्रश्न विचारत फिरलो होतो. म्हणून फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगतो ते सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे. वाचताना आपल्या शेतात जे दिसतं त्याच्याशी ताडून बघा.

आधी खुरपी घ्या, अर्काचं नंतर बघू

पीक हलत नसेल तर पहिली तपासणी मुळाची. झाड उपटू नका. उपटलं की बारीक मुळं तुटतात, पिकाला नत्र (नायट्रोजन) पुरवणाऱ्या मुळावरच्या गाठी मातीतच राहतात आणि "गाठीच नाहीत" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. खुरप्याने वीतभर खोल, ढेकळासकट झाड काढा. बादलीत पाणी घेऊन ते ढेकूळ अर्धा तास भिजू द्या आणि मग हलक्या हाताने माती सोडवा. शेतात चार-पाच ठिकाणची झाडं अशी काढा, त्यात एक चांगल्या दिसणाऱ्या जागेतलंही घ्या.

पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी सोयाबीनच्या मुळावर गाठी स्पष्ट दिसायला हव्यात, विशेषतः मुख्य मुळाच्या वरच्या भागात. दोन-तीन गाठी नखाने फोडा. आत गुलाबी किंवा लालसर रंग असेल तर गाठ कामावर आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातलंच हे द्रव्य. ते गाठीतल्या जिवाणूंना बेताने प्राणवायू पुरवतं आणि त्या जोरावर जिवाणू हवेतला नत्र पिकाच्या कामाचा करतात. आतून पांढरी गाठ एक तर अजून कोवळी असते, नाही तर निकामी असते. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलेलं आहे.

गाठी नाहीत किंवा आहेत त्या पांढऱ्या, असं दिसलं तर तुमचा प्रश्न अर्काचा नाही. तो पेरणीच्या दिवशीच सुरू झाला आहे. कारणं बहुतेक वेळा यातलीच निघतात. जिवाणू संवर्धनाची बीजप्रक्रिया, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंचं पाकीट पेरणीआधी बियाण्याला चोळणं, केलीच नाही. केली, पण पाकीट मुदत संपलेलं होतं किंवा दुकानात उन्हात पडून होतं. त्यातले जिवाणू जिवंत असतात, तापलेल्या पत्र्याखाली ते मरतात. पाकीट दुसऱ्याच पिकाचं होतं, हेही मी अनेकदा पाहिलं आहे. सोयाबीनला लागणारा रायझोबियम (हाच तो गाठी करणारा जिवाणू) वेगळा, हरभऱ्याचा वेगळा आणि तूर-मूग-उडदाचा गट वेगळा. हरभऱ्याचं उरलेलं पाकीट सोयाबीनला चोळलं तर मुळावर काहीही होत नाही.

आणखी दोन कारणं आमच्या काळ्या जमिनीत फार दिसतात. एक म्हणजे पाणी साचणं. गाठीला हवा लागते. सलग आठ दिवस रान पाण्यात राहिलं की गाठी गुदमरतात आणि झाड पिवळं पडतं. दुसरं युरिया. पिवळं दिसलं की आपण युरिया फेकतो. झाड दोन-चार दिवस हिरवं दिसतं आणि तेवढ्यात मुळाला आयता नत्र मिळाल्याने गाठी बनण्याचं काम मंदावतं. पेरणीसोबतची शिफारशीची मात्रा ठीक आहे. त्यापुढे उभ्या पिकात युरिया टाकून नंतर अर्काला दोष देण्यात अर्थ नाही.

अर्कात किती नत्र असतो, याचा हिशोब

हा हिशोब मी प्रत्येकाला वहीत मांडून दाखवतो, कारण तो एकदा कळला की निम्म्या अपेक्षा जागेवर येतात.

एका एकराला २०० लिटर पाणी धरलं आणि अर्क ३० पट पाण्यात मिसळला, तर साडेसहा लिटरच्या आसपास अर्क लागतो. त्यासाठी अंदाजे १० किलो ओला, कोवळा पाला. या पाल्यात तीन चतुर्थांशापेक्षा जास्त पाणीच असतं. उरले सव्वादोन-अडीच किलो. शेवग्याच्या सुक्या पानात पाव भाग प्रथिनं धरली तर नत्र निघतो चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सगळाच्या सगळा नत्र अर्कात उतरला, चोथ्यात काहीच राहिला नाही असं मानलं, तरी एकराला मिळाला १०० ग्रॅम.

आता दुसरी बाजू. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. एकरी १० क्विंटल माल घरी आला तर नुसत्या दाण्यांतून ६० किलोच्या वर नत्र शेताबाहेर जातो. कुठे १०० ग्रॅम आणि कुठे ६० किलो. उपाशी पिकाचं पोट अर्काने भरत नाही. ते काम गाठींचं, शेणखताचं आणि शिफारशीच्या खतांचं.

मग अर्क करतो काय? शेवग्याच्या कोवळ्या पानांत झिएटिन नावाचं संप्रेरक असतं, सायटोकायनिन गटातलं. पेशींचं विभाजन वाढवणं आणि पान म्हातारं होणं लांबवणं ही या गटाची कामं. १९९० च्या दशकात निकाराग्वात निकोलाउस फॉइडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवग्याचा असा अर्क सोयाबीनसह अनेक पिकांवर फवारून पाहिला आणि २० ते ३५ टक्के उत्पादनवाढ नोंदवली. आज सगळीकडे फिरणारी "एकास तीस" ही कृती मुळात तिकडची आहे. पण ते आकडे त्यांच्या जमिनीतले, त्यांच्या पावसातले. आपल्या मुरमाड उतारावर तेच मिळतील असं धरून चालू नका. संप्रेरक म्हणजे पिकाला दिलेला निरोप. निरोप पोचला, पण घरात पीठ नसेल तर भाकरी होत नाही.

पिवळेपणा सगळा एक नसतो

मुळं बघून झाली की पानं बघा. खालची, जुनी पानं सारखी पिवळी आणि शेंडा हिरवा असेल तर नत्राची कमतरता, म्हणजे पुन्हा गाठींकडे. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या रानात, त्यातही पाऊस लागून राहिला की, हे हमखास होतं. अशा वेळी शेवग्याचा अर्क कितीही मारा, उपयोग नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी असा फवारा द्या आणि साचलेलं पाणी चर काढून बाहेर घाला. काही झाडांवरच गर्द पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. ती झाडं उपटून गाडा आणि माशीचा बंदोबस्त करा. विषाणूवर कुठलाही पाला चालत नाही. हरभऱ्यातल्या मर रोगाचंही तसंच. तिथे बीजप्रक्रियेला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, पिकाची फेरपालट आणि रोगाला दाद न देणारं वाण हेच उपाय आहेत.

मुळं चांगली, पानं चांगली, तरी फरक नाही: मग अर्क तपासा

इथून खरी अर्काची चौकशी सुरू होते. मी हे प्रश्न याच क्रमाने विचारतो.

पाला कसला घेतला? शेंगा काढून झाल्यावर जून, गडद, पिवळट पाला ओरबाडून आणलेला असतो. झिएटिन वाढत्या, कोवळ्या भागात जास्त असतं. झाड छाटल्यावर फुटलेल्या महिना-सव्वा महिन्याच्या फुटव्यांचे शेंडे आणि पानं घ्या. म्हणूनच मी बांधावरची चार झाडं शेंगांसाठी ठेवत नाही. ती फक्त छाटायला आहेत. पेरणीच्या सुमारास एकदा छाटतो, म्हणजे पीक फुलोऱ्यात येण्याआधी नवा पाला तयार असतो. पीकेएम-१ असो, कोकण रुचिरा असो की घराजवळचा गावरान शेवगा, पाला कोवळा हवा एवढंच मी बघतो.

कधी काढला आणि कधी मारला? सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक रविवारी अर्क काढतात, ड्रममध्ये झाकून ठेवतात आणि सवडीने गुरुवारी फवारतात. तोवर त्याला आंबूस वास येतो आणि "चांगला मुरला" असं म्हटलं जातं. दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा किडीसाठीचा अर्क, मुरवायचा असतो, हा नाही. हा ताजाच वापरायचा, काढल्यापासून पाच तासांच्या आत. तेवढ्यात जमणार नसेल तर बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवावा लागतो. १० किलो पाल्याच्या अर्कासाठी ते कुणाच्या घरी शक्य आहे? म्हणून आमच्या घरी वेळ अशी बसवली आहे: दुपारी तीनला पाला तोडायचा, चारपर्यंत वाटायचा, पाचला पंप पाठीवर.

किती पाणी घालून वाटला? एका किलो पाल्याला १०० मिलीच्या आसपास पाणी पुरतं, म्हणजे १० किलोला एक लिटर. मिक्सर चालावा म्हणून लोक निम्मं भांडं पाण्याने भरतात आणि वर पुन्हा ३० पट पाणी घालतात. मग पिकावर जातं ते हिरवं पाणी. थोडा-थोडा पाला घ्या, मिक्सरला दम द्या. मोठ्या गटासाठी उसाचा रस काढायच्या चरकातूनही पाला दाबून निघतो. वाटलेला लगदा जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यात घालून दोघांनी दोन टोकं धरून पिळायचा. चोथा टाकू नका, म्हशी आवडीने खातात.

पंपाला किती घातला? १५ लिटरच्या पंपाला अर्धा लिटर. "जरा जास्त टाकला तर जास्त गुण येईल" हा विचार खतात घातक आहे, संप्रेरकात त्याहून घातक. संप्रेरकाची मात्रा वाढली की उलटा परिणाम होतो. शिवाय दाट अर्क पानावर वाळला की पानाच्या कडा करपतात. एका पावसाळ्यात मी पंपाला दीड लिटर टाकला होता. मुगाची पानं तिसऱ्या दिवशी कडेने तांबडी झाली आणि त्या पट्ट्यात फुलं उशिरा आली. त्यानंतर मी मापाशिवाय कधी ओतलं नाही.

नोझल चोंदतं, ही तक्रार छोटी वाटते पण फवारणी असमान होण्याचं ते मोठं कारण आहे. पाल्याचा बारीक तंतू डोळ्याला दिसत नाही. फडक्यातून गाळल्यावर पुन्हा एकदा पातळ मलमलीतून गाळा आणि टाकीच्या तोंडावरची जाळी काढून फेकू नका. झाल्यावर लगेच साध्या पाण्याने पंप चालवा. रात्रभर राहिलेला अर्क नळीत शेवाळासारखा चिकटतो.

पानं वळली, दोरीसारखी झाली

हा भाग नीट वाचा. यात पीक हातचं जातं आणि बदनामी पाल्याची होते.

अर्क फवारल्यावर पाच-सात दिवसांत सोयाबीनची किंवा तुरीची नवी पानं अरुंद, चोळामोळा झालेली, वाटीसारखी वळलेली दिसली, देठ पिळवटले, तर पहिला प्रश्न स्वतःला विचारा: हा पंप आधी कशाला वापरला होता? उसात किंवा ज्वारीत टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून घेतला, तरी तळात, नळीत, वॉशरमध्ये राहिलेला अंश सोयाबीन-तुरीसारख्या रुंद पानांच्या पिकाला पुरेसा असतो. एकदा आमच्या गटातल्या एका भावाने मागून आणलेल्या पंपाने अर्धा एकर तूर फवारली. त्याने शेवग्याला दोष दिला, मीही घाबरलो. मग उरलेला तोच अर्क माझ्या पंपाने माझ्या तुरीवर मारलेला होता आणि तिला काही झालं नव्हतं, हे लक्षात आलं. तेव्हा उलगडा झाला.

उपाय एकच: तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्याला लाल रंग मारा आणि कुणाला उसना देताना तो कशाचा आहे ते सांगा. दुसरा पंप नसेलच, तर धुण्याचा सोडा टाकलेलं पाणी रात्रभर टाकीत आणि नळीत भरून ठेवा, सकाळी नोझलमधून काढून टाका आणि नंतर दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. तरीही आधी बांधाकडच्या चार झाडांवर मारून चार-पाच दिवस थांबा.

आपल्याच सोयाबीनमध्ये मारलेल्या तणनाशकानेही पीक काही दिवस पिवळं पडतं, थांबतं आणि नंतर सावरतं. त्या सावरण्याच्या वेळीच अर्क फवारला गेला तर श्रेय अर्काला जातं. या गोष्टीकडे शेवटी पुन्हा येतो.

वेळ चुकली

भर दुपारी फवारलेलं पाणी पानात शिरायच्या आधी वाळतं. संध्याकाळी पाचनंतर मारा, वारा पडलेला असताना, आणि पानाच्या खालच्या बाजूलाही तुषार जाऊ द्या. पाऊस दोन-तीन तासांत येईलसं आभाळ असेल तर पाला तोडूच नका.

पावसाने ओढ दिली आणि पीक दुपारी माना टाकू लागलं की लोकांना अर्काची आठवण होते. तहानलेलं झाड पानांची छिद्रं मिटून बसलेलं असतं आणि त्याची वाढ पाण्यावाचून अडलेली असते. तेव्हा वाढीचा निरोप देऊन काय होणार? डवरणी करून भेगा बुजवा, संरक्षित पाण्याची एक पाळी देता आली तर द्या आणि रान वाफशावर, म्हणजे बेताच्या ओलीवर, आल्यावर फवारा. जेएस-३३५ सारख्या १०० दिवसांच्या आसपास येणाऱ्या सोयाबीनला मी तीन फवारे देतो: पंधरा-वीस दिवसांचं असताना, फुलं लागायच्या आधी म्हणजे तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी, आणि शेंगा धरताना. पानं पिवळी होऊन गळायला लागल्यावर केलेला फवारा वाया जातो.

एकाच पंपात सगळं

मजुरी वाचवायची म्हणून अर्क, सूक्ष्म अन्नद्रव्य, बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकाच टाकीत. मजुरीची अडचण मला कळते, माझीही तीच आहे. पण पाल्याच्या अर्कात प्रथिनं आणि तुरट द्रव्यं असतात. ती धातूंच्या क्षारांशी बांधली जातात. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करत, ती याच गुणाने. लोहाचा फवारा आणि पाल्याचा अर्क एकत्र केला की तीच गोष्ट टाकीत सुरू होते, आणि बांधलं गेलेलं लोह पानाला मिळत नाही. तांब्याची बुरशीनाशकंही यात मिसळू नका. दोन्हींत चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा. काही मिसळायचंच असेल तर आधी काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवून बघा. फाटलं, गाळ बसला, रंग काळवंडला तर टाकीत घालायचं नाही.

बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही, साबण फाटून सायीसारखा तरंगतो आणि तोही नोझलमध्ये जातो. पानावर पसरण्यासाठी मी रिठ्याचं पाणी वापरतो. जड पाण्यातही त्याचा फेस टिकतो. जमलं तर फवारणीला विहिरीचं किंवा शेततळ्यातलं पाणी घ्या.

बियाणं अर्कात भिजवलं आणि उगवण गेली

हरभरा रात्री सात-आठ तास पाण्यात भिजवून, सावलीत वरवर सुकवून पेरला तर कमी ओलीत उगवण चांगली येते. ही पद्धत खरी आहे आणि साध्या पाण्यानेही जमते. ते पाहून कुणी सोयाबीनही अर्कात भिजवतो. सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. पाणी भसकन आत शिरतं, दाणा फुगून टरफल फाटतं, आतला कोंब दुखावतो. सोयाबीन भिजवायचंच नाही, ना पाण्यात ना अर्कात.

दुसरी चूक अशी की लसूण, मिरची घातलेला किंवा असाच उग्र अर्क बियाण्याला चोळून त्यावरच रायझोबियम लावला जातो. लसूण जिवाणूंना मारतो, म्हणून तर आपण तो औषधाला वापरतो. रायझोबियमही जिवाणूच आहे. शेवग्याच्या बियांचं पाणीही या कामाला नको, त्यातही जिवाणूंना मारक गुण असतात. बीजप्रक्रियेचा क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, गुळाच्या पाण्यातून जिवाणू संवर्धन, किलोला २५ ग्रॅम. सावलीत सुकवून लगेच पेरायचं. पाल्याचा अर्क बियाण्यापासून लांब ठेवा, त्याची जागा पानावर.

पीक माजलं, शेंगा कमी

कमरेच्या वर सोयाबीन, हिरवंगार, आणि आत शेंगा विरळ. अशा वेळी मी आधी ओळीतलं अंतर आणि बियाण्याचं प्रमाण विचारतो. दाट पेरणी, शेणखत भरपूर, वर युरिया आणि महिनाभर ढगाळ हवा असेल तर पीक उजेडासाठी वर धावतं. त्यात अर्काचे चार-पाच फवारे दिले तर वाढीला आणखी रेटा मिळतो. माजायला लागलेल्या पिकात अर्क बंद करा. हरभऱ्यात हे पाण्याने होतं. भारी रानात तिसरं-चौथं पाणी दिलं की हरभरा वाढत राहतो आणि घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) धरत नाही. तिथे पाणी थांबवणं हाच उपाय. सुरुवातीला, फुलं यायच्या आधी, शेंडे खुडले तर फांद्या वाढतात आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजीही होते. घरच्यांना ती हवीच असते.

निंबोळी, दशपर्णी आणि हा अर्क

पाच टक्के निंबोळी अर्क आणि दशपर्णी ही किडीसाठी आहेत. अळीचं खाणं थांबलं म्हणून पीक टवटवीत दिसतं, ती वाढ नसते. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून तेही संध्याकाळीच मारायचं. निंबोळीचा फवारा देऊन "वाढ झाली नाही" म्हणणाऱ्याला आणि शेवग्याचा फवारा देऊन "घाटेअळी गेली नाही" म्हणणाऱ्याला माझं उत्तर एकच असतं: औषध बरोबर आहे, दुखणं दुसरं आहे.

विकतच्या बाटल्यांविषयी थोडंच. वनस्पतींचे आणि समुद्रशेवाळाचे अर्क २०२१ पासून जैव-उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. समुद्रशेवाळाच्या रसावर भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचं पावसावरच्या सोयाबीनमध्ये काम झालेलं आहे, त्यामुळे तो अर्क निराधार नाही. पण बाटलीवर घटक, मात्रा, बॅच, उत्पादकाचा पत्ता नसेल आणि दुकानदार पक्की पावती देत नसेल, तर घेऊ नका. नुसतं "टॉनिक" लिहिलेल्या बाटलीत काय आहे हे तुम्हाला कळणार नाही आणि पीक बिघडलं तर दादही मागता येणार नाही.

फरक पडला की नाही, हे कसं कळणार

पहिल्या वर्षी मी सगळ्या रानावर अर्क मारला. आठ दिवसांनी सोयाबीन हिरवंकंच झालं. मी गावभर सांगितलं. दुसऱ्या वर्षी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या पुतण्याने विचारलं, "काका, न फवारलेलं कुठे आहे?" कुठेच नव्हतं. त्या वर्षी त्याच्या सांगण्यावरून रानाच्या मधोमध पाच तासं, म्हणजे पिकाच्या पाच ओळी, न फवारता सोडली. अर्क मारल्यावर आठ दिवसांनी रान पुन्हा हिरवंगार झालं आणि ती पाच तासंही तेवढीच हिरवी झाली. पाऊस उघडला होता, रानाला वाफसा आला होता, गाठींना हवा मिळाली होती. मला त्या दिवशी वाईट वाटलं, कारण मी ज्यांना छातीठोक सांगितलं होतं त्यांनी माझ्या शब्दावर मजुरी खर्च केली होती.

तेव्हापासून असा न फवारलेला पट्टा सोडल्याशिवाय मी फवारत नाही. पट्टा बांधालगत घ्यायचा नाही, तिथे झाडाची सावली आणि गुरांची ये-जा असते. रानात दोन-तीन जागी, हलक्या आणि भारी दोन्ही भागांत, प्रत्येकी पाच तासं सोडायची आणि खुंट्या ठोकायच्या. त्या तासांवर त्याच दिवशी, त्याच पंपाने, अर्क घालायच्या आधी नुसतं पाणी मारायचं, म्हणजे फरक पाण्याचा की अर्काचा हे कळतं. बाकी डवरणी, खत, औषध सगळीकडे सारखं.

मग डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. हिरवेपणा फसवतो. दोन्हींकडची दहा-दहा झाडं न निवडता घ्या, शेंगा मोजा आणि वहीत लिहा. काढणीच्या वेळी मधल्या तीन तासांतली १०-१० मीटर लांबी मोजून वेगळी कापा, वेगळ्या ताडपत्रीवर बडवा आणि एकाच काट्यावर तोला. शंभर दाण्यांचं वजनही घ्या, शेंगा धरतानाच्या फवाऱ्याचा गुण असला तर तो तिथे दिसतो.

माझ्या रानात भारी भागात, जिथे गाठी चांगल्या होत्या, तिथे बहुतेक वर्षी फवारलेल्या पट्ट्याचं वजन थोडं जास्त भरलं. मुरमाड उतारावर एकाही वर्षी फरक दिसला नाही. म्हणून उतारावर मी आता अर्क मारत नाही, तिथली मजुरी शेणखत वाहायला वापरतो. तुमच्या रानात हे उलटंही निघू शकेल. यंदाचा पट्टा सोडला असेल तर वजनं लिहून मला कळवा, आणि मुळं बघितली होती का, गाठी कुठल्या रंगाच्या होत्या, तेही सोबत लिहा.